सज्ञान मुलांचे नंबर, खाती आणि कागद आई-वडिलांपासून वेगळे करणे : इंदूरकरांसाठी माहितीचा धागा

हिशेबनीस_रामबाग

आपल्याकडच्या मराठी घरांत हे चित्र सर्रास दिसतं. मुलगी सुपर कॉरिडॉरवर नोकरीला, वय सव्वीस, पगार चांगला. पण मोबाइल नंबर बाबांच्या नावावर, पगाराचं खातं बाबांबरोबर जॉइंट, ईमेलचा रिकव्हरी नंबर बाबांचा, डीमॅट (शेअरचं खातं) तिचं पण सौदे बाबांचे. प्राप्तिकराच्या पोर्टलचा ओटीपीसुद्धा सुदामा नगरच्या घरात बाबांच्या फोनवर वाजतो. कोणाचा हेतू वाईट नसतो. मूल दहावीत असताना सोय म्हणून जे केलं, ते तसंच पडून राहतं. मग लग्न, परदेश, कर्ज किंवा नोटीस यांपैकी काहीतरी दारात आलं की सगळे जागे होतात.

हे सगळं कोणत्या क्रमाने सोडवायचं, एवढ्यापुरता हा धागा आहे. घर सोडणारे आणि घरातच राहणारे, दोघांसाठी. भावनिक बाजूवरही लिहा, पण धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, करू नका.

सुरुवात नंबरपासून करा, कारण ज्याच्या हातात ओटीपी त्याच्या हातात बाकी सगळं. रस्ते दोन आहेत.

पहिला म्हणजे आहे तोच नंबर स्वतःच्या नावावर करून घेणे. कंपनीच्या अधिकृत स्टोअरमध्ये बाबा आणि तुम्ही, दोघांनी आधार घेऊन जायचं. दोघांचंही केवायसी होतं. पोस्टपेड असेल तर आधीचं बिल शून्य करून जा, नाहीतर दुसरा हेलपाटा. बाबांच्या संमतीशिवाय हा रस्ता बंद आहे.

दुसरा म्हणजे नवा नंबर. यात कोणाला विचारावं लागत नाही, पण जुना लगेच बंद केला की फसलात. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो आणि तुमच्या बँकेचे संदेश त्या परक्याकडे जायला लागतात. जुना नंबर रिचार्ज करून किमान सहा महिने जिवंत ठेवा आणि त्यावर काय काय येतं ते बघत राहा. विसरलेल्या जागा अशाच सापडतात : जुना विमा, एखादा म्युच्युअल फंड, कॉलेजची अनामत.

नवा नंबर लावण्याचा क्रम : आधार, बँक, प्राप्तिकर पोर्टल, पीएफ, डीमॅट, डिजिलॉकर, मग बाकी. आधार आधी, कारण पुढच्या बहुतेक ठिकाणी ओळख आधारच्या ओटीपीनेच पटवतात. आधार केंद्रावर बोटाचे ठसे दिले की नंबर बदलतो, त्यासाठी कुठला कागद लागत नाही. बँकेत बदल झाल्याचा संदेश आल्याशिवाय पुढे सरकू नका.

अजून दोन खोडे. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तेव्हा पगाराच्या किंवा हप्त्याच्या तारखेला हे काम काढू नका. आणि सिम बदलल्यावर पुढचे ७ दिवस नंबर पोर्ट होत नाही. तुमच्या आधारवर एकूण किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. एका व्यक्तीच्या नावावर ९ पर्यंत चालतात. त्यात तुमची नसलेली निघाली तर तिथेच तक्रार करता येते.

ईमेल हे नंबरचं धाकटं भावंड. शाळेत असताना बाबांनी उघडून दिलेला ईमेल असेल तर आधी रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल बदला, पासवर्ड नंतर. उलटं केलंत तर पासवर्ड बदलल्याची सूचना आणि तो परत मिळवण्याची किल्ली दोन्ही जुन्याच जागी जातात.

सराफा_रात्री_दोन

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न सोपा आहे. जॉइंट खात्यातून बाबांचं नाव काढायचं तर काय करावं लागतं?

निवृत्त_पासबुक

नाव काढायला दोघांच्याही सह्या लागतात. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

खात्यावर ‘कोणीही एक किंवा मागे राहील तो’ अशी सूचना असेल तर पैसे काढायला एकाची सही पुरते. म्हणजे पगार तुमचा असला तरी बाबा तो पूर्ण काढू शकतात आणि बँक त्यांना अडवणार नाही. पण खात्याची ही सूचना बदलायची किंवा एक नाव कमी करायचं, तर सगळ्या खातेदारांची संमती हवी. काउंटरवर जाऊन ‘माझा पगार आहे, माझ्या बाबांचं नाव काढा’ म्हणून उपयोग नाही.

म्हणून नाव काढायच्या भानगडीत पडू नका. स्वतःच्या एकट्याच्या नावाने दुसरं खातं उघडा, शक्यतो दुसऱ्या शाखेत. ज्या शाखेतला कॅशियर बाबांबरोबर सकाळी फिरायला जातो, तिथे गोपनीयता फक्त भिंतीवरच्या पाटीवर असते. मग एचआरला नवा खाते क्रमांक द्या, पण त्या महिन्याचं पगारपत्रक बंद होण्याच्या आत. त्यानंतर एसआयपी, विम्याचे हप्ते, कर्जाचे हप्ते एकेक करून हलवा. बँकेतून आपोआप वजावटीची नवी परवानगी नोंदायला दिवस लागतात, तोवर जुन्या खात्यात निदान एका हप्त्याची रक्कम राहू द्या. हप्ता परत गेला तर दंड बँकही लावते आणि कर्ज देणाराही, शिवाय सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग.

जुनं जॉइंट खातं बंद करू नका, हा माझा आग्रह. त्यात घरखर्चाची रक्कम टाकत राहा. आई-वडिलांपैकी कोणी इस्पितळात असताना ‘कोणीही एक’ चालवू शकेल असं खातं घरात असणं फार मोलाचं. वेगळं होणं आणि तोडणं यांत फरक आहे, आणि बँकेच्या फॉर्मवर तो करता येतो.

नव्या खात्याला नॉमिनीची नोंद लगेच करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींच्या खात्यांवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, एकाच वेळी टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एक असंच चालतं. नामनिर्देशित माणूस पैसे ताब्यात घेतो. शेवटी मालकी कोणाची हे वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरतं. ‘बाबांना नॉमिनी ठेवलं म्हणजे पैसे त्यांचे’ हा गैरसमज दोन्ही बाजूंना असतो.

लहानपणी पालकाच्या नावाखाली उघडलेल्या खात्यांचं वेगळं. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की पालकाचा अधिकार संपतो आणि नवी सही, फोटो, पॅन देऊन केवायसी करेपर्यंत पैसे काढणं थांबतं. लोक याला बँकेची चूक समजून भांडतात. म्युच्युअल फंडाच्या फोलिओचंही तसंच : १८ झाल्यावर पालकाला त्यात व्यवहार करता येत नाहीत, एसआयपी थांबते. ‘अज्ञान ते सज्ञान’ असा फॉर्म असतो, त्यावर मुलाची सही बँक मॅनेजरकडून साक्षांकित करून घ्यावी लागते आणि मुलाचं स्वतःचं केवायसी आधी झालेलं हवं.

पीपीएफ तपासाच. पालकाने लहानपणी उघडलेलं खातं सज्ञान झाल्यावर तुमचंच असतं. ते विसरून नोकरी लागल्यावर दुसरं उघडणारे खूप. एका व्यक्तीला एकच पीपीएफ, दुसरं अनियमित ठरतं. फायदा असा की मूल अज्ञान असताना बाप आणि मूल मिळून दीड लाखाची मर्यादा होती, ती आता तुमची स्वतंत्र दीड लाख होते.

चक्रम_चंपू

हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. ज्या बापाने कोचिंगची फी भरली त्याच्यापासून पासवर्ड लपवायचे?

निवृत्त_पासबुक

चंपूशेठ, पासवर्ड लपवायचे नसतील तर नका लपवू. पण कोणाच्या नावावर काय आहे हे नीट नसेल तर पहिला फटका त्या बापालाच बसतो. खालचा हिशेबनीसांचा प्रतिसाद वाचा.

हिशेबनीस_रामबाग

हा भाग इंदूरसाठी खास आहे, कारण आपल्या गावाला सौद्याचा नाद जुना.

बाबा निवृत्त, हाताशी वेळ. मुलीच्या नावाचं डीमॅट, त्यावर बाबांचा मोबाइल, आणि रोजचे ऑप्शन्सचे सौदे. मुलगी जुलैमध्ये ऑफिसच्या फॉर्म सोळावरून पगारदारांचं साधं विवरणपत्र भरून मोकळी होते. पण तिच्या पॅनवर वर्षभर झालेले सौदे पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतात. वायदे आणि ऑप्शन्स हा धंद्याचा हिशेब आहे, त्याला आयटीआर तीन हा वेगळा विवरणपत्राचा फॉर्म लागतो. दिवसातल्या दिवसात घेऊन विकलेले शेअर सट्ट्याच्या धंद्यात मोडतात आणि त्यांचा तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. नोटीस येते ती मुलीला. उत्तर द्यायचं तिला. पैसे बाबांचे होते हे सांगितलं की पुढचा प्रश्न : मग तुमच्या नावावर का?

बाबांनी पैसे खरोखर भेट दिले असतील तर अडचण नाही. आई-वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, आणि सज्ञान मुलाने त्यातून कमावलेलं उत्पन्न मुलाचंच धरतात, बापाच्या उत्पन्नात जोडत नाहीत. हे जोडणं अज्ञान मुलांसाठी असतं. पण भेट म्हणजे भेट. बँकेतून दिलेली, साध्या कागदावर दोघांच्या सह्यांचं भेटपत्र केलेली, आणि नंतर बाबांनी परत न घेतलेली. मुलीच्या खात्यातून दर महिन्याला नफा बाबांच्या खात्यात वळत असेल तर त्याला भेट कोणी मानणार नाही.

सोडवायचं असं : आधी वार्षिक माहिती विवरण उघडून मागच्या वर्षांत काय काय दिसतंय ते बघा. मग बाबांच्या नावाचं डीमॅट उघडा. त्यांचे शेअर त्यांच्या खात्यात बाजाराबाहेरच्या हस्तांतरणाने द्या, कारण ‘भेट’ लिहा. भेटीत मिळालेल्या शेअरची खरेदी किंमत आणि तारीख मूळ मालकाची धरतात, तेव्हा जुनी करारपत्रं बरोबर द्या. चालू असलेले वायद्याचे सौदे असे हलत नाहीत, ते मिटवून किंवा मुदत संपू देऊनच खातं रिकामं करा. शेवटी ब्रोकरकडे स्वतःचा नंबर आणि ईमेल लावा, जुन्या अ‍ॅपमधून सगळीकडून बाहेर पडा, आणि शेअर काढून घेण्याचा अधिकार आधी कोणाला लिहून दिला असेल तर तो लेखी रद्द करा.

राहिलेल्या वर्षांचं विवरणपत्र दुरुस्त करायचं असेल तर सीएकडे जा, इथे विचारू नका. प्रत्येकाचं गणित वेगळं असतं.

झोन_कियोस्क

मध्य प्रदेशात राहणाऱ्यांसाठी समग्र, म्हणजे राज्य सरकारची कुटुंब आणि सदस्यांची नोंदणी.

कुटुंबाचा आयडी ८ अंकी, सदस्याचा ९ अंकी. तुम्ही वेगळे राहायला लागलात तरी वडिलांच्या कुटुंब आयडीतच दिसता. वेगळं कुटुंब करायचं तर पहिली अट तुमचं स्वतःचं ई-केवायसी, म्हणजे आधारशी जुळणी. नाव, जन्मतारीख, लिंग यांतलं काही आधारपेक्षा वेगळं निघालं की अर्ज तिथेच लटकतो. ते आधी दुरुस्त करा, मग वेगळ्या कुटुंबाचा अर्ज पोर्टलवर किंवा कियोस्कवर टाका. पत्त्याचा पुरावा जोडायचा. मंजुरी शहरात नगर निगमच्या झोन ऑफिसकडून होते, त्यामुळे नवा पत्ता ज्या झोनमध्ये आहे तिथे पाठपुरावा करा. वडिलांच्या झोनमध्ये चकरा मारणारे रोज भेटतात.

फक्त फॅशन म्हणून समग्र वेगळं करू नका. घराला राशनची पात्रता पर्ची असेल तर सदस्य कमी झाला की धान्य कमी होतं. एकाच घरात, एकाच चुलीवर राहत असाल तर वेगळं कुटुंब दाखवणं म्हणजे खोटी माहिती देणं, तपासणीत निघालं तर दोघांचंही अडकतं.

आणि तो मोठा गैरसमज : समग्र वेगळं केलं की ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणात) वडिलांचं उत्पन्न धरत नाहीत. धरतात. ईडब्ल्यूएसच्या कुटुंबात अर्जदार, त्याचे आई-वडील, १८ खालची भावंडं, जोडीदार आणि १८ खालची मुलं येतात. आठ लाखांची मर्यादा या सगळ्यांची मिळून. समग्रचा आयडी कितीही वेगळा असो.

आधारवरचा पत्ता बदलायला दोन वाटा आहेत. कुटुंबप्रमुखाच्या संमतीने, किंवा स्वतःच्या नावाच्या कागदाने. पहिल्यात वडिलांनी त्यांच्या लॉगिनमधून ३० दिवसांत होकार द्यायचा असतो. नाही दिला तर अर्ज बंद, भरलेले पैसे गेले. ते देणार नाहीत असं वाटत असेल तर ती वाट धरूच नका. भाड्याने राहत असाल तर रजिस्टर्ड करार सगळ्यात सोपा.

मतदार यादीसाठी नवा फॉर्म सहा भरू नका. पत्ता बदलायला फॉर्म आठ असतो. सहा भरला की दोन ठिकाणी नाव होतं आणि ते निस्तरताना निवडणूक निघून जाते.

दांडिया_बाजार_बडोदा

बडोद्यात समग्र नाही. वेगळं राशनकार्ड हवं तर मामलतदार किंवा झोनल ऑफिस, आधीच्या कार्डातून नाव कमी झालं की मग नवं. आमचा छळ वेगळाच. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पॅनवर दुसरा क्रम, आधारवर तिसरा. वडिलांचं नाव मधून काढायचं म्हटलं तर किती ठिकाणी काढायचं?

अर्जनवीस_तुकोगंज

या प्रश्नाला सविस्तर उत्तर हवं, कारण ‘स्वतंत्र ओळख’ म्हटलं की पुष्कळांना पहिल्यांदा मधलं नावच दिसतं.

माझं स्पष्ट मत : फक्त ठसा उमटवायला मधलं नाव काढत असाल तर थांबा. खर्च पैशाचा नाही, जुळवाजुळवीचा आहे. आणि खरंच काढायचं असेल तर अर्धवट काढू नका. अर्ध्या कागदांवर ‘मधुरा श्रीधर जोशी’ आणि अर्ध्यांवर ‘मधुरा जोशी’ ही सगळ्यात वाईट अवस्था.

आपली इंदूरची गोम अशी की हिंदी पट्ट्यातल्या फॉर्मवर अर्जदाराचं नाव आणि ‘पिता का नाम’ असे दोन वेगळे रकाने असतात. शाळेतल्या बाबूने मराठी नाव कधी मधल्या नावासकट लिहिलं, कधी त्याशिवाय. त्यामुळे अनेकांचं मधलं नाव दहावीच्या मार्कशीटवर मुळातच नसतं. आधी ती मार्कशीट काढून बघा. तिच्यावर मधलं नाव नसेल तर तुम्हाला नाव बदलायचंच नाही, बाकीचे कागद मार्कशीटप्रमाणे करायचेत. त्याला गॅझेट (राजपत्रातली सूचना) बहुधा लागत नाही आणि काम निम्म्याने कमी होतं.

मार्कशीटवर असेल आणि काढायचंच असेल तर : नोटरीसमोर शपथपत्र, त्यात जुनं नाव, नवं नाव, पत्ता, कारण. मग वर्तमानपत्रांत जाहिरात. मग राजपत्र. मध्य प्रदेशचं राजपत्र भोपाळच्या शासकीय मुद्रणालयातून निघतं, केंद्राचं दिल्लीहून. पासपोर्ट किंवा केंद्र सरकारची नोकरी डोळ्यांसमोर असेल तर केंद्राचं करून घ्या. शपथपत्र, जाहिरात आणि राजपत्र तिन्हींत स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर एकच हवं. ‘श्रीधर’चं रोमन स्पेलिंग एकीकडे दोन ‘ई’ आणि दुसरीकडे एक ‘आय’, एवढ्यावर अर्ज परत आलेले आहेत.

त्यानंतर आधार (नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, घाई नको), मग पॅन, मग बँक, मग पीएफ, शेवटी पासपोर्ट. आधार आणि पॅनचं नाव जुळलं नाही तर जोडणी अडते. पीएफचा यूएएन (सदस्याचा कायमचा क्रमांक) १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल तर नावाची दुरुस्ती सदस्य स्वतः करू शकतो, कंपनीच्या मागे लागावं लागत नाही. त्याआधीचा असेल तर कंपनीमार्फत. मार्कशीट बदलायच्या मागे सहसा लागू नये, राजपत्राची प्रत जोडली की बहुतेक ठिकाणी चालतं. सीबीएसईवाल्यांना २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे वाट थोडी मोकळी झाली आहे.

पुण्याची मावसभावंडं सांगतात की आता आईचं नाव आधी लिहितात. तो महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे, १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. आपल्याला लागू नाही.

एकट्या आईने वाढवलेल्यांसाठी : पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव देण्याची सक्ती डिसेंबर २०१८ पासून नाही, पर्याय निवडून फक्त आईचं देता येतं. पासपोर्टलाही आई किंवा वडील, एकाचं नाव पुरतं.

सराफा_रात्री_दोन

कागद समजले. पण घरी सांगायचं कसं? ‘आम्ही काय परके झालो?’ या वाक्यापुढे सगळे फॉर्म गळून पडतात.

समुपदेशक_अन्नपूर्णा

त्या वाक्याला उत्तर द्यायचंच नसतं. तो प्रश्न नसतो. ‘नाही हो बाबा, परके कसे’ म्हणून तुम्ही अर्धा तास आपलं प्रेम सिद्ध करत बसता आणि खात्याचा विषय बाजूला राहतो.

काही गोष्टी हमखास बिघडतात, त्या लिहिते.

आईला मधे घालणं. मराठी घरात ही सवय फार पक्की : बाबांना सांगायचं ते आईच्या कानावर घालायचं. आई ते मऊ करून, अर्धं सांगते, आणि बाबांना वाटतं आपल्यामागे खलबतं चाललीत. ज्याच्या हातातून गोष्ट काढून घेताय त्याला स्वतः सांगा. आईला त्याच दिवशी, पण वेगळं.

परवानगीच्या सुरात माहिती देणं. ‘वेगळं खातं काढू का?’ असं विचारलंत तर ‘नको’ हे उत्तर तुम्हीच मागून घेतलंत. त्याऐवजी असं : ‘बाबा, पगाराचं खातं मी माझ्या एकटीच्या नावाने उघडलंय. पुढच्या महिन्यापासून पगार तिथे येईल. घरातले बारा हजार दर ५ तारखेला जुन्या खात्यात जमा होतील.’ यात तीन गोष्टी आहेत : काय झालंय, कधीपासून, आणि घराला काय मिळत राहील. तिसरी वगळू नका. पुष्कळ वडिलांची खरी भीती पैशाची नसते, आपल्याला आता कोणी विचारणार नाही याची असते. बोलल्याप्रमाणे ५ तारखेला रक्कम जमा झाली की त्यातली बरीच कमी होते. म्हणून ती बँकेत कायमची सूचना देऊन आपोआप जाऊ द्या. दर महिन्याला हाताने दिली की दर महिन्याला विषय निघतो.

सगळं एका दिवशी सांगणं. खातं, नंबर, डीमॅट आणि वर ‘मी विजय नगरला राहायला जातेय’. एका बैठकीत एकच विषय. आणि गौरी-गणपतीत, पाहुण्यांसमोर किंवा बाबांच्या तपासण्यांच्या रिपोर्टच्या दिवशी नको.

जुनी उणीदुणी काढणं. ‘तुम्ही मला कॉमर्स घेऊ दिलं नाही’ हे खरं असेलही, पण डीमॅटच्या बोलण्यात ते आलं की बोलणं डीमॅटचं राहत नाही.

वडील रागावून चार दिवस बोलले नाहीत तर त्या चार दिवसांत निर्णय मागे घेऊ नका आणि त्यांना टाळूही नका. सकाळचा चहा एकत्र होत असेल तर होऊ द्या. पोह्यांवर शेव कोण घालणार यावरून पुन्हा बोलणं सुरू झालेली घरं कमी नाहीत.

धमक्या, मारहाण, कागद लपवून ठेवणं किंवा कोंडून ठेवणं असेल तर वरचं काहीही लागू नाही. तेव्हा समजावणं थांबवा. महिलांसाठी १८१, मन फार खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत.

चक्रम_चंपू

‘काय झालंय, कधीपासून, घराला काय’ हे मात्र पटलं. सासरी पण चालेल.

जिल्हा_कोर्ट_इंदूर

कायद्याचं थोडक्यात.

१८ पूर्ण झालेली व्यक्ती कुठे राहील ते तिने ठरवायचं. घर सोडलं आणि घरच्यांनी गुमशुदगी, म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार, लिहवली, तर ठाण्यात जाऊन स्वेच्छेने गेल्याचा जबाब द्या, ओळख आणि वयाचा पुरावा दाखवा. पोलिस जबरदस्तीने घरी पाठवू शकत नाहीत. भांडणाची शक्यता वाटत असेल तर निघताना सही आणि तारखेसह चिठ्ठी ठेवा, तिचा फोटो काढून ठेवा.

मूळ कागद घरी अडकले तर भांडत बसू नका. डिजिलॉकरमधल्या मार्कशीट आणि ओळखपत्रांना मूळ कागदाइतकीच मान्यता आहे, पॅन आणि आधार पुन्हा मागवता येतं, बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते.

भाड्याने घर घेताना ११ महिन्यांचा करार करतात, कारण वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. इंदूरमध्ये पोलिस आयुक्तालयाचे आदेश निघतात, त्यानुसार भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याची जबाबदारी घरमालकाची. ती दिली का ते विचारा आणि पावतीची प्रत स्वतःकडे ठेवा. नंतर कोणी काही म्हटलं तर तुम्ही तिथे उघडपणे राहत होता हे त्यातून दिसतं.

हिंदी पेपरांत ‘जाहिर सूचना’ येतात : माझा मुलगा माझ्या कह्यात नाही, त्याला चल-अचल संपत्तीतून बेदखल करतो. या सूचनेने वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा जात नाही. स्वतः कमावलेली संपत्ती वडील मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, त्यासाठी अशा सूचनेची गरजच नाही. उलट तुम्ही रागाच्या भरात ‘मला काही नको’ लिहून दिलंत आणि तो हक्कत्याग नोंदवला गेला, तर ते मात्र पक्कं होतं. मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलासारखाच हक्क आहे, वेगळं राहण्याने तो बुडत नाही.

दुसरी बाजूही ऐका. वेगळं खातं, वेगळं घर, वेगळं समग्र, काहीही केलंत तरी आई-वडिलांना स्वतःच्या कमाईतून किंवा मिळकतीतून भागवता येत नसेल तर पोटगीची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांचीही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) अर्ज होतो, आणि त्या कायद्यातली कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे.

निवृत्त_पासबुक

शैक्षणिक कर्ज राहिलं. त्यात वडील सहकर्जदार असतात. हप्ता चुकला तर दोघांचं सिबिल पडतं, वेळेवर गेला तर दोघांचं सुधारतं. वडिलांचं नाव मधूनच काढता येत नाही. फेडा, किंवा दुसऱ्या बँकेकडे एकट्याच्या नावावर वळवा. वडिलांच्या क्रेडिट कार्डावरचं जोडकार्ड वर्षानुवर्षं वापरून स्वतःचा इतिहास तयार होईल असं समजू नका. स्वतःच्या नावाचं कार्ड घ्या, हवं तर छोट्या एफडीवर मिळणारं.

विमा_छावणी

आरोग्य विमा. वडिलांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत) मुलं बहुतेक पॉलिसींत २५ वर्षांपर्यंतच राहतात. नाव गळाल्याचं इस्पितळाच्या काउंटरवर कळतं. स्वतःची पॉलिसी नव्याने घेऊ नका. त्याच कंपनीत स्वतंत्र पॉलिसीत स्थलांतर मागा, म्हणजे प्रतीक्षा काळाची भोगलेली वर्षं बरोबर येतात. नव्याने घेतलीत तर आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंतचा काळ पुन्हा शून्यापासून मोजतात. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज. ऑफिसचा विमा आहे म्हणून हे सोडू नका, तो नोकरीबरोबर जातो.

मालवा_मिल_मधुरा

@झोन_कियोस्क, आधारवर पत्त्याच्या सुरुवातीला ‘द्वारा’ म्हणून वडिलांचं नाव छापलंय. ते काढायला वडिलांची संमती लागते का? आणि समग्रवर त्याने काही फरक पडतो का?

झोन_कियोस्क

संमती नाही लागत. ‘द्वारा’ हा पत्त्याचा भाग आहे, नात्याचा पुरावा नाही. सज्ञान माणसाने तो रकाना रिकामा सोडला तरी चालतो. वेगळा अर्जही करू नका, पत्ता बदलाल तेव्हाच तो कोरा ठेवा, म्हणजे एकाच शुल्कात दोन्ही होतं.

समग्रची जुळणी नाव, जन्मतारीख आणि लिंग यांवर होते, ‘द्वारा’वर नाही. मात्र दोन्ही अर्ज एकदम टाकू नका. आधारचा बदल मंजूर झाल्याचा संदेश येऊ द्या, नवं आधार डाउनलोड करून पत्ता बघा, मग समग्र. आणि येताना स्वतःचा फोन घेऊन या. ओटीपी बाबांच्या फोनवर जात असेल तर पुन्हा पहिल्या प्रतिसादापासून.